ब्रिटनची सहल : आधी रेल्वेची रेघ, मग विमानाचं तिकीट

ब्रिटनच्या कौटुंबिक सहलीचं नियोजन बहुतेक घरांत उलट्या टोकानं सुरू होतं. मुंबई–लंडन–मुंबई असं परवडणारं रिटर्न तिकीट दिसतं, ते घेऊन टाकलं जातं आणि मग त्या दोन तारखांच्या मध्ये बाथ, यॉर्क, एडिंबरा, जमलंच तर इनव्हरनेस कोंबायला सुरुवात होते. स्कॉटलंडपर्यंत गेलेल्या कुटुंबाला मग केवळ परतीच्या विमानासाठी पुन्हा लंडन गाठावं लागतं. एडिंबरा ते लंडन सुमारे ६३० किलोमीटर, गाडीनं साडेचार तास. त्यात हॉटेल सोडणं, बॅगा ओढणं आणि लंडनमध्ये विमानतळापर्यंत जाणं मिळवा. सहलीतला एक अख्खा दिवस आणि घरातल्या सगळ्यांचं रेल्वेभाडं असं जातं.

म्हणून आधी नकाशावर एक रेघ ओढावी, आणि ती परत मागं वळणार नाही असं पाहावं. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लंडन–यॉर्क–एडिंबरा ही सर्वांत सरळ रेघ. लंडनहून यॉर्क साधारण दोन तास, यॉर्कहून एडिंबरा अडीच तास. गाडी बदलायची नाही आणि तिन्ही ठिकाणी स्टेशन शहराच्या मध्यातच. डोंगर-तळी हवी असतील तर दुसरी रेघ पश्चिमेची : लंडनहून ऑक्सनहोम, तिथून लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या भागातल्या विंडरमीरचा छोटा फाटा, आणि शेवट मँचेस्टरला. मँचेस्टरच्या विमानतळावर स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे, तिथून शहराचं पिकाडिली स्टेशन वीसेक मिनिटांवर. दहा-बारा दिवसांत या दोन्ही रेघा एकत्र करू नयेत. मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असताना तीन मुक्काम पुरतात, चौथा मुक्काम म्हणजे आणखी एकदा बॅगा भरणं.

रेघ ठरली की विमानाकडे या. कंपन्यांच्या साइटवर रिटर्न या पर्यायाशेजारी मल्टी-सिटी असतो. तिथं जाताना मुंबई–लंडन आणि येताना एडिंबरा–मुंबई किंवा मँचेस्टर–मुंबई असं टाकायचं. असं तिकीट दुप्पट महाग असेल ही समजूत चुकीची आहे. पुष्कळ कंपन्या दोन वेगवेगळ्या रिटर्न भाड्यांचा अर्धा-अर्धा भाग घेऊन भाडं लावतात. महाग पडतात ती दोन सुटी एकेरी तिकिटं. म्हणून दोन्ही प्रवास एकाच बुकिंगमध्ये आणि शक्यतो एकाच कंपनीचे, किंवा तिच्या भागीदार कंपनीचे असावेत. आखातातल्या मोठ्या कंपन्या लंडनखेरीज मँचेस्टर, बर्मिंगहॅम, एडिंबरा अशा शहरांतही उतरतात, त्यामुळे मल्टी-सिटीसाठी त्या सोयीच्या. मात्र हे मार्ग हंगामानुसार बदलतात, तेव्हा नकाशावर रेघ ओढतानाच नेमक्या तारखेला विमान आहे ना हे बघून घ्यावं.

थेट विमान मुंबईहून लंडनला साडेनऊ-दहा तास घेतं, येताना वाऱ्याची साथ असल्यानं तासभर कमी. मध्ये थांबा घेणार असाल तर दोन विमानांमध्ये दीड तास कागदावर पुरतो, कुटुंबाला पुरत नाही. लहान मूल, व्हीलचेअर, एका टर्मिनलवरून दुसरीकडे जाणारी बस आणि पुन्हा सुरक्षा तपासणी धरून अडीच ते तीन तास ठेवा. आणि पैसे वाचवायला दोन कंपन्यांची सुटी तिकिटं जोडू नका. पहिलं विमान चुकलं किंवा उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर काहीच बंधन नसतं, नवं तिकीट पूर्ण दरानं काढावं लागतं. शिवाय बॅगा मधल्या विमानतळावर ताब्यात घ्यायच्या तर त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. ब्रिटनचा व्हिसा युरोपातल्या शेंगेन देशांत प्रवेशासाठी चालत नाही, हे फ्रँकफर्ट-पॅरिसमार्गे स्वस्त तिकीट दिसलं की विसरलं जातं.

भाड्यात दडलेली एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. ब्रिटनमधून उडणाऱ्या प्रत्येक प्रवाशावर तिथलं सरकार हवाई प्रवासी कर लावतं. भारताच्या अंतराला इकॉनॉमी वर्गात तो माणशी सुमारे शंभर पौंड पडतो, आणि प्रीमियम इकॉनॉमीपासून वर दुपटीहून जास्त. परतीचं भाडं फुगलेलं दिसतं त्यामागे हाही एक भाग असतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत हा कर माफ आहे. मुलाची जन्मतारीख बरोबर टाकली की तो आपोआप वगळला जायला हवा, पण एजंटाकडून तिकीट काढलं असेल तर करांची फोड मागून खात्री करा.

वयाच्या मर्यादा इथं फार घोळ घालतात, कारण प्रत्येकाची मर्यादा निराळी. तेरा वर्षांचा मुलगा विमान कंपनीच्या लेखी प्रौढ, कारण बहुतेक ठिकाणी बाराव्या वर्षापासून पूर्ण भाडं. त्याच मुलाला हवाई प्रवासी कर माफ. रेल्वेत तो मूलच. ५ ते १५ वयाला अर्धं तिकीट आणि पाचाखालच्यांना फुकट. लंडनच्या भुयारी रेल्वेत मोठ्या माणसाबरोबर अकराखालची मुलं फुकट, एका मोठ्यामागे चार मुलांपर्यंत. पण आपला तेरा वर्षांचा तिथं फुकटातून बाहेर. त्याच्यासाठी ऑयस्टर कार्ड (लंडनच्या प्रवासाचं, आधी पैसे भरून टेकवायचं कार्ड) घेऊन स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर यंग व्हिजिटर सवलत चढवून घ्यायची, म्हणजे १४ दिवसांपर्यंत अर्धं भाडं लागतं. बँकेचं कार्ड टेकवून तो आत गेला तर मोठ्या माणसाचं भाडं कापलं जाईल, यंत्राला वय कळत नाही.

व्हिसाची तारीख आणि रेल्वेची तारीख यांची गाठ नीट घालावी लागते. पर्यटनाच्या व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, आधी नाही. बोटांचे ठसे दिल्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या गर्दीत आधी ठशांची वेळ मिळणंच अवघड होतं. प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र, तान्ह्या बाळाचाही. दुसरीकडे, रेल्वेची स्वस्त अॅडव्हान्स तिकिटं साधारण १२ आठवडे आधी विक्रीला येतात. म्हणजे दोन्ही दारं जवळजवळ एकाच वेळी उघडतात. अॅडव्हान्स तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं. आठ-नऊ आठवडे आधी व्हिसा मिळाला तरी मंगळवार-बुधवारच्या दुपारच्या गाड्यांना चांगली भाडी शिल्लक असतात. शुक्रवार संध्याकाळ आणि सणाच्या सोमवारला, म्हणजे तिथल्या सार्वजनिक सुट्टीच्या सोमवारला, जोडून आलेल्या दिवसांचं तसं सांगता येत नाही. विमानाचं तिकीट मात्र आधीच घ्यायचं असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तारीख बदलता येणारं किंवा परतावा मिळणारं घ्या.

आता तिकिटांचे प्रकार. ब्रिटनमध्ये रेल्वे चालवणाऱ्या कंपन्या अनेक, पण तिकीट व्यवस्था एक. कुठल्याही रेल्वे कंपनीच्या साइटवर कुठल्याही मार्गाचं तिकीट निघतं आणि त्यावर आरक्षण शुल्क लागत नाही. काही त्रयस्थ अॅप मात्र शुल्क घेतात. अॅडव्हान्स हे एकाच ठरावीक गाडीचं तिकीट. ती गाडी आपल्या उशिरामुळे चुकली की तिकीट संपलं, मधल्या स्टेशनवर उतरून पुढं जाणंही चालत नाही. ऑफ-पीक तिकीट गर्दीची वेळ सोडून त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीला चालतं. एनीटाइम केव्हाही चालतं आणि त्याची किंमत बघून पोटात गोळा येतो. लंडन–एडिंबरा मार्गावर एलएनईआर या रेल्वे कंपनीनं ऑफ-पीकच्या जागी वेगळं तिकीट आणलं आहे, ज्यात निवडलेल्या गाडीच्या ७० मिनिटं आधीची किंवा नंतरची गाडी चालते. याच रुळांवर लुमो नावाची एकाच वर्गाची, बहुतेकदा स्वस्त गाडी धावते. पण लुमोचं तिकीट एलएनईआरच्या गाडीत चालत नाही आणि उलटही नाही. फलाटावर दोन्ही गाड्या एडिंबराच्याच असतात, त्यामुळे घाईत चुकीच्या गाडीत चढणारे रोज सापडतात.

गर्दीची वेळ म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत आणि लंडनमधून निघताना संध्याकाळी साधारण चार ते सात. हॉटेल अकराच्या सुमारास सोडायचं असतं आणि पुढच्या गावी खोली दोन-तीनच्या आधी मिळत नाही, तेव्हा साडेदहा ते बाराच्या मधली गाडी सर्व बाजूंनी सोयीची. स्कॉटलंडमध्ये स्कॉटरेलनं १ सप्टेंबर २०२५ पासून गर्दीच्या वेळचं जादा भाडं बंदच केलं आहे, म्हणून एडिंबराहून स्टर्लिंग किंवा ग्लासगोला सकाळी लवकर निघालात तरी भाडं तेच.

कुटुंबासाठी सर्वांत मोठी बचत एका कार्डात आहे : फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड. वर्षाला ३५ पौंड, परदेशी पर्यटकांनाही मिळतं. एका कार्डावर चार मोठी माणसं आणि ५ ते १५ वयाची चार मुलं. मोठ्यांना एक तृतीयांश सूट, मुलांना त्यांच्या अर्ध्या भाड्यावर ६० टक्के. समजा मोठ्यांचं भाडं ६० पौंड आहे. दोघं आणि दोन मुलं मिळून १८० होतात. कार्डावर मोठ्यांचे ४० प्रमाणे ८०, मुलांचे १२ प्रमाणे २४, म्हणजे १०४. पहिल्याच प्रवासात कार्डाचे पैसे वसूल होऊन वर ४१ पौंड उरतात. आजी-आजोबाही त्याच चार मोठ्यांत बसतात, आणि ते दोघांचं वेगळं ज्येष्ठ नागरिक कार्ड काढण्यापेक्षा स्वस्त. अट एवढीच की कार्डधारक आणि किमान एक मूल त्या प्रवासात बरोबर हवं. आई-वडील मागच्या गाडीनं आणि मुलं मामाबरोबर पुढच्या गाडीनं, हे चालत नाही. लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या आतल्या प्रवासाला कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीतही ते चालत नाही.

घरात फक्त पाचाखालचं मूल असेल तर? त्याला फुकट प्रवास आहे, पण जागेवर हक्क नाही. गाडी भरली की मांडीवर. त्याच्यासाठी मुलाचं तिकीट काढलं की रेलकार्डाची अट पुरी होते, मोठ्यांना सूट मिळते आणि बाळाला आसनही मिळतं. मोठ्यांच्या सवलतीतून त्या तिकिटाचे पैसे बहुधा निघून येतात. मुलं सोळाच्या पुढची असतील तर हे कार्ड निरुपयोगी. मग ३ ते ९ जणांच्या गटाला अनेक कंपन्या ऑफ-पीक तिकिटावर एक तृतीयांश सूट देतात, तिला ग्रुपसेव्ह म्हणतात. एकदिवसीय फेरीला ती उत्तम. पर्यटकांसाठीचा ब्रिटरेल पास वेगळा. तो रोज लांबचा प्रवास करणाऱ्याला किंवा सकाळी उठून कुठं जायचं ते ठरवणाऱ्याला परवडतो. तीन मुक्कामांच्या सहलीत आधी काढलेली अॅडव्हान्स तिकिटं आणि रेलकार्ड यांच्यापुढं तो सहसा टिकत नाही.

आरक्षण करताना टेबल असलेली चार समोरासमोरची आसनं मागा. लंडनहून एडिंबराला जाताना गाडीच्या उजव्या बाजूला बसावं : डरहॅमचं कॅथेड्रल त्या बाजूला दिसतं आणि न्यूकॅसलनंतर बेरिकच्या आसपास समुद्र अगदी रुळांजवळ येतो. डाव्या बाजूला बसलेल्यांना समोरच्याच्या डोक्यावरून बघावं लागतं.

रविवारची तिकिटं दिसत नाहीत म्हणून घाबरून जाऊ नका. रुळांच्या दुरुस्तीची कामं तिथं शनिवार-रविवार आणि सणाच्या सोमवारी करतात, त्यामुळे त्या दिवसांचं वेळापत्रक पक्कं व्हायला उशीर होतो आणि तिकिटंही उशिरा खुली होतात. कधी मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस देतात. दोन तासांचा प्रवास साडेतीन तासांचा होतो, तोही बॅगा बसच्या पोटात टाकून. गाव बदलण्याचा दिवस रविवारी ठेवूच नये. शनिवारीही फुटबॉलचा मोठा सामना असेल तर गाड्या गाणाऱ्या आणि बियर पिणाऱ्या चाहत्यांनी भरतात; मुलांना मजा वाटते, आजींना नाही. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथं मेचा पहिला आणि शेवटचा सोमवार सुट्टीचा, आणि शेवटच्या आठवड्यात शाळांनाही सुट्टी. मेच्या मधले दोन-अडीच आठवडे सर्वांत मोकळे. ऑगस्टमध्ये एडिंबराला महोत्सव असतो, खोल्यांचे दर ऐकून सहलच रद्द करावीशी वाटते.

लंडनमध्ये एक मध्यवर्ती स्टेशन नाही, दिशेप्रमाणे स्टेशनं आहेत. यॉर्क आणि एडिंबराला किंग्ज क्रॉस, मँचेस्टर आणि लेक डिस्ट्रिक्टला यूस्टन, बाथ आणि ऑक्सफर्डला पॅडिंग्टन, केंब्रिजला किंग्ज क्रॉस किंवा लिव्हरपूल स्ट्रीट, ब्रायटनला व्हिक्टोरिया. लंडनमधलं हॉटेल पुढच्या गाडीच्या स्टेशनाजवळ घेतलं तर निघायची सकाळ शांत जाते. लंडनच्या हीथ्रो विमानतळाहून शहरात यायला एलिझाबेथ लाइन ही रेल्वे कुटुंबाला सर्वांत सोपी, कारण तिच्या सगळ्या स्टेशनांवर पायऱ्या टाळून जाता येतं. भुयारी रेल्वेची पिकाडिली लाइन स्वस्त आणि किंग्ज क्रॉसला थेट, पण तासभर लागतो आणि डबे बुटके, बॅगा दाराशी अडतात. यूस्टनच्या भुयारी स्टेशनात फलाटापासून रस्त्यापर्यंत लिफ्टची सोय नाही. बॅगा असतील तर किंग्ज क्रॉसला उतरून दहा-पंधरा मिनिटं सपाट रस्त्यानं चालत जाणं बरं. पाच माणसं आणि पाच मोठ्या बॅगा असतील तर आधी ठरवलेली मोठी टॅक्सी सगळ्यांच्या भाड्याच्या जवळपास येते, तेव्हा हिशेब करून बघावा.

उतरण्याच्या दिवशी पुढच्या गावाचं अॅडव्हान्स तिकीट काढू नका. भारतीय पासपोर्टला तिथली स्वयंचलित दारं उघडत नाहीत, अधिकाऱ्यासमोरच्या रांगेत उभं राहावं लागतं. विमान टेकल्यापासून बाहेर पडेपर्यंत दीड तास चांगला म्हणायचा, गर्दीत अडीच. पहिली रात्र उतरलेल्या शहरातच काढावी. उन्हाळ्यात वेळेचा फरक साडेचार तासांचा (हिवाळ्यात साडेपाच), त्यामुळे संध्याकाळी सातला मुलं झोपायला येतात आणि पहाटे चारला टक्क जागी होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या गाडीला ती वेळेवर तयार असतील, नंतरच्या दिवसांत नाही.

कार्डांचं काम घरूनच उरकायचं. भारतात बँकेची कार्डं परदेशी व्यवहार आणि टेकवून पैसे देणं या दोन्हींसाठी मुळात बंद असतात, अॅपमधून चालू करावी लागतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतंत्र कार्ड हवं, एकाच कार्डावर दोघं आत जाऊ शकत नाहीत. आत जाताना प्लास्टिकचं कार्ड आणि बाहेर पडताना तेच कार्ड जोडलेला फोन टेकवला, तर यंत्र ती दोन माणसं समजतं आणि दोन अपुरे प्रवास धरून जास्तीत जास्त भाडं कापतं. रेल्वेची तिकिटं भारतात असतानाच काढून ठेवा, तिकडं गेल्यावर ओटीपी भारतीय नंबरवर येतो आणि रोमिंग बंद असेल तर व्यवहार अडतो. ई-तिकिटावर प्रत्येक प्रवाशाचा वेगळा चौकोनी कोड असतो. सगळे कोड वडिलांच्या फोनमध्ये आणि फोनची बॅटरी संपलेली, असा प्रसंग टाळायला एक छापील संच पिशवीत ठेवावा.

स्टेशनवर फलाट क्रमांक बहुतेकदा जेमतेम दहा-पंधरा मिनिटं आधी लागतो आणि मग सगळी गर्दी एकदम धावते. दारं गाडी सुटायच्या एक-दोन मिनिटं आधी बंद होतात. सामान आपलं आपणच चढवायचं, हमाल नाहीत. डोक्यावरच्या फळीवर छोटी बॅगच मावते, मोठ्या बॅगांची जागा डब्याच्या टोकाला आणि ती चटकन भरते. माणशी एक मध्यम बॅग, जी ज्याची त्याला पायरीवर उचलता येईल, हा नियम पाळला तर रेल्वेची सहल सुखाची होते. विमान दोन मोठ्या बॅगा नेऊ देतं म्हणून नेऊ नयेत.

परतीच्या दिवशी रविवार असेल तर पहिली गाडी किंवा ट्राम किती वाजता ते आधी पाहा, रविवारी सेवा उशिरा सुरू होते. एडिंबराच्या मध्यातून विमानतळाला ट्राम अर्ध्या तासात नेते. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचा. ब्रिटनहून निघणारं विमान, कंपनी कुठलीही असो, तिच्याच चुकीमुळे मुंबईला चार तासांहून जास्त उशिरा पोहोचलं, तर तिथल्या कायद्यानं माणशी ५२० पौंड भरपाई मागता येते. जातानाच्या विमानाला हे फक्त ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनी असेल तरच लागू. रेल्वेला उशीर झाला तर भरपाईसाठी २८ दिवस असतात. अनेक कंपन्या १५ मिनिटांच्या उशिरापासून, काही ३० मिनिटांपासून पैसे देतात. अर्ज घरी येऊन ऑनलाइन करता येतो, फक्त तिकिटांचे ईमेल पुसू नका.